सोलरच्या करारात फसवणूक झाली असेल तर काय करावे

'तीन किलोवॅट बसवा, बिल कायमचं शून्य' असं सांगून सही घेतली. आता युनिट पडत नाहीत आणि एजन्सी फोन उचलत नाही. अशा वेळी संतापून पॅनेल उतरवू नका, तोच तुमचा पुरावा आहे.

आधी तफावत आकड्यांत मांडा. १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरले, तर ३ किलोवॅटला महिन्याला साधारण ३५० होतात, पावसाळ्यात कमी. इन्व्हर्टरच्या ॲपमधले मासिक आकडे, महावितरणची बिलं, कोटेशन, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि पॅनेलमागच्या स्टिकरचे फोटो तारखेनिशी जपा. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं मीटर) बसल्यावरही स्थिर आकार भरावाच लागतो, त्यामुळे 'शून्य बिल' हे आश्वासन तिथेच खोटं ठरतं. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान (३ किलोवॅटला ७८,००० रुपये) थेट ग्राहकाच्या खात्यात येतं. ते 'मिळवून देण्याचे' वेगळे पैसे घेतले असतील तर त्याची यूपीआय नोंद काढा.

मग एजन्सीला स्पीड पोस्टाने नोटीस द्या: काय सांगितलं, काय मिळालं, काय हवं, १५ दिवसांची मुदत. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही एजन्सीला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. इथे शब्दांना फार महत्त्व आहे. 'अनुचित करार' (म्हणजे करारातल्या अटीच एकतर्फी) हा मुद्दा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राज्य आयोगाकडे जातो. जिल्ह्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' आणि 'सेवेतील त्रुटी' असं मांडा. वाद लवादाकडेच (न्यायालयाबाहेर निवाडा करणाऱ्या मध्यस्थाकडे) न्यायचा अशी अट करारात असली तरी घाबरू नका. त्या अटीमुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही.

कर्ज काढलं असेल तर हप्ते परस्पर थांबवू नका. बँकेचा करार वेगळा असतो. सिबिल तुमचंच बिघडेल. काम पूर्ण होण्याआधीच बँकेने एजन्सीला पैसे सोडले असतील तर बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, आणि आयोगातल्या तक्रारीत बँकेलाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा.

खोटी सही किंवा बनावट कागद आढळला तर पोलीस तक्रार वेगळी द्या. ती ग्राहक आयोगासोबत चालू शकते.