कोणत्याही ब्राउझरमध्ये आणि कमी रेंजमध्येही चालेल असा नोंदणी अर्ज

लातूर किंवा हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी सोयाबीन नोंदणीचा ऑनलाइन अर्ज तयार करताना, तो भरणारा शेतकरी वावरात उभा आहे, त्याचा फोन जुना आहे आणि रेंज ये-जा करते आहे, असे धरूनच सुरुवात करावी.

अर्जाचा पाया साध्या एचटीएमएलचा, म्हणजे वेबपानाची मांडणी सांगणाऱ्या मूळ भाषेचा ठेवावा. ‘नोंदवा’ हे बटण जावास्क्रिप्टशिवायही (पानाला हालचाल देणाऱ्या, ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमशिवायही) चालले पाहिजे, कारण नेट मंद असले की मोठी जावास्क्रिप्ट फाइल अर्ध्यातच अडकते आणि पान दिसत असूनही बटण दाबून काहीच होत नाही. तारखेसाठी प्रमाणित तारीख-रकानाच वापरावा. जो ब्राउझर तो ओळखत नाही, त्याने तेथे साधा मजकुराचा रकाना दाखवावा, असे एचटीएमएलच्या मानकातच (सर्व ब्राउझरांसाठीच्या समान नियमांतच) ठरलेले आहे. मग तारीख कशीही लिहिली जाऊ शकते, म्हणून ती सर्व्हरवरही, म्हणजे अर्ज स्वीकारणाऱ्या संगणकावरही तपासावी. मराठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व उपकरणांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरे देणाऱ्या प्रमाणित संकेतपद्धतीत असावा.

एखादी सोय एकाच कंपनीच्या ब्राउझरमध्ये चालत असेल, तर अर्ज तिच्यावर उभा करू नये. नव्वदच्या दशकात नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांनी एकमेकांवर मात करण्यासाठी आपापले वेगळे टॅग (एचटीएमएलमधील खुणा) आणले. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि स्पर्धक उरला नसल्याने सातवी थेट २००६ मध्ये; दरम्यान अनेक कार्यालयांनी आपल्या प्रणाली ॲक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर बांधल्या, ज्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये चालतच नव्हत्या. आज ऑपेरा आणि २०२० पासून एजसुद्धा क्रोमच्याच क्रोमियम पायावर आहेत. त्यामुळे या तिन्हींत अर्ज चालला, तरी ती एकाच इंजिनाची (पान पडद्यावर मांडणाऱ्या ब्राउझरच्या गाभ्याची) चाचणी ठरते. फायरफॉक्स आणि आयफोनवरील सफारी यांत तो भरून पाहणे मला अत्यावश्यक वाटते. जिओफोनमधील कायओएस या कार्यप्रणालीचा ब्राउझर तर फायरफॉक्सच्याच जुन्या गेको इंजिनावर चालतो.

बटण दाबल्यावर रेंज गेली, तर शेतकरी पुन्हा दाबणार, हे स्वाभाविक आहे. म्हणून प्रत्येक अर्जात एक लपवलेला, एकमेव क्रमांक ठेवावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास सर्व्हरने नवी नोंद न करता आधीचीच पावती परत द्यावी.

शेवटी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये (पान तपासण्याच्या साधनांमध्ये) नेटचा वेग मुद्दाम कमी करून, जावास्क्रिप्ट बंद ठेवून संपूर्ण अर्ज भरावा. नोंदणी क्रमांक पडद्यावर आला, तरच त्याची लिंक गावच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवावी.