नॅगिऑस सतत ओरडतंय, नाहीतर गप्पच बसतंय? या चुका टाळा

एका पतसंस्थेच्या बीड जिल्ह्यातल्या शाखांचं नेटवर्क मी बघतो. मुख्य कार्यालय बीडला. शाखा गेवराई, माजलगाव, केज आणि अंबाजोगाईला. नॅगिऑस, म्हणजे नेटवर्कवरची उपकरणं चालू आहेत का ते तपासत राहणारं आणि काही बंद पडलं की मेसेज पाठवणारं सॉफ्टवेअर, बसवलं त्याच उन्हाळ्यात एका दुपारी फोनवर लागोपाठ एकोणीस मेसेज आले. झालं होतं एवढंच, की केजची लाईट गेली होती. हे दोन-तीनदा झालं आणि मी मेसेज उघडणंच सोडलं. रोज मरे त्याला कोण रडे! मग रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली, ती बातमी मला मॅनेजरच्या फोनवरून कळली. "सर, सकाळपासून नेट नाही. तुमाला मेसेज येतो म्हणले होते ना?"

चूक माझीच होती. नॅगिऑसच्या फायलीत प्रत्येक होस्टची (म्हणजे ज्यावर लक्ष ठेवायचं त्या उपकरणाची) व्याख्या असते, तिच्यात 'पेरेंट्स' लिहिलेच नव्हते. केजच्या स्विचचा पेरेंट केजचा राउटर, हजेरीच्या मशीनचा आणि डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचा) पेरेंट तो स्विच, असं लिहिलं की लाईट गेल्यावर फक्त राउटर 'डाउन' ठरतो आणि त्यामागचं सगळं 'अनरीचेबल', म्हणजे तिथवर पोचता येत नाही असं. पेरेंट म्हणजे नॅगिऑसच्या सर्व्हरकडून जाताना अलीकडे लागणारं उपकरण. बरेच जण हे नेमकं उलटं लिहितात. आणि पेरेंट लिहूनही मेसेज थांबले नाहीत, तर 'नोटिफिकेशन ऑप्शन्स'मधला 'यू' काढा. तो राहिला तर अनरीचेबलचेही मेसेज येतात. माझे दोन दिवस यातच गेले.

दुसरी गोष्ट आकड्यांची. इन्व्हर्टरवर जाताना राउटर एकदा रीस्टार्ट होतो, दोन मिनिटांत परत येतो. 'मॅक्स चेक अटेम्प्ट्स', म्हणजे किती वेळा तपासून बिघाड पक्का मानायचा तो आकडा, १ ठेवलं तर पहिल्याच फटक्याला हार्ड स्टेट (पक्का बिघाड) आणि मेसेज. ४ ठेवा, 'रीट्राय इंटर्व्हल' (पुन्हा तपासण्यामधलं अंतर) १ ठेवा. म्हणजे पहिल्या अपयशानंतर साधारण तीन मिनिटं तो सॉफ्ट स्टेटमध्ये (बिघाड अजून पक्का नाही, मेसेज नाही) थांबेल. हे आकडे मिनिटांचे असतात, कारण 'इंटर्व्हल लेंथ' मुळात ६० सेकंद आहे. सेकंद समजून 'चेक इंटर्व्हल' (नेहमीच्या तपासण्यांमधलं अंतर) ३०० लिहिलं तर तपासणी पाच तासांनी होणार.

आता गप्प बसण्याबद्दल. नॅगिऑससोबत येणाऱ्या नमुना फायलीतलं 'लिनक्स-सर्व्हर' टेम्प्लेट जसंच्या तसं उचलू नका. त्यात होस्टचा नोटिफिकेशन पीरियड (मेसेज पाठवायची वेळ) 'वर्कआवर्स' असतो: सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ५. शनिवारी आमचं काउंटर भरलेलं आणि नॅगिऑस सुट्टीवर! तिथे '२४एक्स७' करा.

नुसत्या पिंगवर (मशीन नेटवर्कवर उत्तर देतं का एवढंच बघणाऱ्या तपासणीवर) विसंबू नका. सर्व्हर पिंगला उत्तर देतो, पण बँकिंगचं सॉफ्टवेअर उघडत नाही, हे नेहमीचं आहे. ते सॉफ्टवेअर ज्या पोर्टवर चालतं, त्या पोर्टवर 'चेक टीसीपी' (पोर्टला जोडणी होते का ते बघणारी तपासणी) लावा. डिस्कची जागा बघणाऱ्या 'चेक डिस्क'मध्ये २० टक्के म्हणजे *मोकळी* जागा २० टक्क्यांखाली गेल्यावर वॉर्निंग. भरलेली जागा समजून ८० लिहिणाऱ्याचा स्क्रीन कायम पिवळाच.

हातानं चालवला तर प्लगइन (तपासणी करणारा छोटा प्रोग्रॅम) चालतो, नॅगिऑसच्या स्क्रीनवर मात्र एरर? तुम्ही बहुधा रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालवलाय. नॅगिऑस ज्या युजरखाली चालतं त्याच युजरनं चालवून बघा. रिटर्न कोड १२७ आला तर प्लगइन त्या जागी नाही, १२६ आला तर फाइलला चालवायची परवानगी नाही. एनआरपीई (दुसऱ्या मशीनवर प्लगइन चालवून उत्तर आणणारा प्रोग्रॅम) 'एसएसएल हँडशेक'ची एरर देऊन रडत असेल तर सर्टिफिकेट शोधत बसण्याआधी त्या मशीनवरच्या 'अलाउड होस्ट्स'मध्ये नॅगिऑसचा आयपी आहे का ते बघा. बहुतेक वेळा तोच नसतो. फायरवॉलमध्ये एनआरपीईचं ५६६६ पोर्ट उघडं आहे का तेही बघा. पासवर्डमध्ये उद्गारचिन्ह असेल तर चेक कमांड तिथेच तुटते, कारण नॅगिऑस त्याच चिन्हावर आर्ग्युमेंट वेगळी करतं. मी पासवर्डच बदलतो, डोक्याला ताप नको.

नॅगिऑसची सेटिंगची फाइल बदलली की नॅगिऑसच्या कमांडला 'मायनस व्ही' (-v) लावून ती तपासा, मगच रीस्टार्ट करा.

आणि बीडचीच लाईट गेली, यूपीएस संपला, तर मेसेज पाठवणार कोण? अंबाजोगाईच्या शाखेत मी एक जुना पीसी ठेवलाय. दर पाच मिनिटांनी बीडचा सर्व्हर जिवंत आहे का एवढंच तो बघतो, आणि मोबाईलच्या सिमवरून मला कळवतो.