एका कबरीत दोघांची सोय
आमच्या नाशिकच्या ख्रिस्ती कबरस्तानाची वही माझ्याकडे असते. जागा तेवढीच, माणसं वाढतात. म्हणून कुटुंबाची कबर असेल तर पहिल्याच वेळी 7-8 फूट खोल खणून घ्या. पुढे वर दुसरी पेटी बसते. मधे हातभर माती मात्र हवीच. जुनी कबर उघडायची तर आधी वही पाहा, घरच्यांची लेखी संमती घ्या. अस्थी निघाल्या तर पांढऱ्या कापडात बांधून त्याच खड्ड्याच्या तळाशी ठेवा. पेटी साध्या लाकडाची. सागवान लवकर कुजत नाही, जागा अडवून बसतं (पण थाट कोणाला सुटतो!). आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दगड बसवायला एक पावसाळा थांबा. आईचा मी घाईने बसवला, श्रावणात कलंडला.