नुसतं साल बघून व्हाइट वाइन घेता? या चुका टाळा

बाटली हातात आली की आधी साल, म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष, वाचायचं, मोबाइलवर त्या सालाचे गुण शोधायचे, गुण बरे दिसले की पैसे मोजायचे. मीही वर्षानुवर्षं हेच केलं आणि त्याची भरपूर फी भरली.

1996ची पांढरी बर्गंडी, म्हणजे फ्रान्सच्या बर्गंडी भागातली व्हाइट वाइन. त्या वर्षी शार्डने द्राक्षांत साखर भरपूर उतरली आणि आंबटपणाही धारदार राहिला. असा योग क्वचित जुळतो. वीस वर्षं टिकेल म्हणून सगळ्यांनी ती वाइन डोक्यावर घेतली. मी सहा बाटल्या घेतल्या आणि दहा वर्षं त्यांना हात लावला नाही. पहिली उघडली तर रंग काळपट मधासारखा, वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. वाटलं, आपल्याच साठवणीत काहीतरी चुकलं. दुसरीही तशीच. तिसरी मात्र लख्ख, लिंबाच्या सालीसारखी ताजी! चौथी पुन्हा मेलेली. आणि या सगळ्या एकाच पेटीत शेजारी शेजारी झोपलेल्या.

नंतर कळलं, नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पांढऱ्या बर्गंडीत हे अकाली म्हातारपण ठिकठिकाणी निघालं होतं. संशयित बरेच: एकसारखी नसलेली बुचं, वाइन टिकवणारा सल्फर डायऑक्साइड घालताना आखडलेला हात, पिंपातला मेलेल्या यीस्टचा गाळ उठसूट ढवळणं, रस फारच हळुवार दाबून काढणं. कुणा एकावर गुन्हा शाबीत झाला नाही. पण आभाळाने दिलं ते तळघरात आणि बुचापाशी गेलं, एवढं नक्की.

तेव्हापासून एकाच वाइनच्या सगळ्या बाटल्या मी कधीच एकदम राखून ठेवत नाही. एक लवकर उघडायची, दुसरी तीनेक वर्षांनी. ‘ठेवली की सुधारतेच’ म्हणणाऱ्यांनी आपले पैसे खुशाल गमवावेत.

दुसरी चूक माझ्या विशेष डोक्यात जाते. उन्हाळा कडक म्हणजे वाइन बोजड, थंड म्हणजे सुरेख, असा सरसकट निकाल. उष्ण दिवसांत द्राक्षातलं मॅलिक आम्ल, म्हणजे हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा, घडातच जळून जातं. द्राक्षातलं दुसरं आम्ल, टार्टरिक, मात्र बरंचसं टिकतं. 2003च्या उष्णतेच्या लाटेत आंबटपणा इतका घसरला की युरोपात थंड भागांनाही आम्ल घालायची खास सवलत द्यावी लागली. अशा वर्षी मॅलोलॅक्टिक फर्मेंटेशन, म्हणजे जिवाणूंनी मॅलिकचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणं, रोखलं काय, होऊ दिलं काय, फारसा फरक पडत नाही, कारण बदलायला मॅलिकच फारसं उरलेलं नसतं. थंड वर्षी तेच फर्मेंटेशन वाइनची धार मोडून तिला लोण्याकडे नेतं. गाळ ढवळण्याचंही तसंच. रोडक्या वर्षाच्या वाइनला त्याने अंग येतं, आधीच जाड असलेली आणखी सुस्तावते. म्हणून मी विक्रेत्याला गुण विचारत नाही. मॅलोलॅक्टिक झालं का, गाळ किती ढवळला आणि पिंपांत नवं लाकूड किती, एवढंच विचारतो. उत्तर आलं नाही तर बाटली परत फळीवर.

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या.

हिमकडाक्याने कोंब जळले म्हणजे वाइन वाईट, असं नसतं. एप्रिल 2021च्या हिमकडाक्याने बर्गंडीतल्या शाब्ली भागात पीक घटलं. उरलेल्या घडांचं काय झालं ते पुढच्या उन्हाळ्याने ठरवलं.

तळाशी चमकणारे खडे काच नव्हेत, टार्टरिक आम्लाच्याच क्षाराचे स्फटिक आहेत. बाटली परत करायला धावू नका.

काडी पेटवल्यासारखा वास आला की लगेच नाक मुरडू नका. ग्लास फिरवा, दहा मिनिटं थांबा. थांबवत नसेल तर तुम्हाला महाग वाइन कशाला हवी, ते मला कळत नाही.

फ्रिजमधून काढून 4 अंशांवर प्यायलात तर लाकूड आणि आंबटपणा सोडून काही कळणार नाही. 10 ते 13 अंश पुरे.

आणि पेटी घेतलीच असेल तर पहिली बाटली अर्धी संपवून बूच लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळपर्यंत रंग गडद झाला असेल तर उरलेल्या मी वर्षभरात संपवतो. नसेल, तर त्यांना वेळ देतो.