लिंक कुठे संपते, हे एडिटरला कसं शिकवायचं

"अर्ज इथे भरा" असं लिहून मी पुढे लिंक दिली आणि वाक्य संपलं म्हणून सवयीने पूर्णविराम दिला. एडिटरने ते टिंबही लिंकमध्ये ओढून घेतलं. अर्जाची ती शेवटची तारीख होती आणि लोकांना दिवसभर 'पान सापडत नाही' एवढंच दिसत राहिलं. त्यानंतर आमच्या नोंदींच्या एडिटरमधला लिंक ओळखणारा भाग मी नव्याने लिहायला घेतला. तो कसा लिहायचा, ते सांगते.

सुरुवात शोधणं सोपं आहे. 'एचटीटीपी' किंवा 'एचटीटीपीएस', मग कोलन आणि दोन तिरप्या रेघा दिसल्या की लिंक सुरू झाली. तिथून स्पेस, ओळीचा शेवट, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा कोनी कंस (< >) येईपर्यंत सगळं उचला. ही चिन्हं पत्त्यात थेट लिहिता येत नाहीत, म्हणून तिथे बिनधास्त थांबा.

खरं काम त्यानंतरचं. पत्त्यांचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ३९८६ (जानेवारी २००५) प्रमाणे टिंब, स्वल्पविराम, उद्गारचिन्ह आणि गोल कंस पत्त्यात चालतात. म्हणजे शेवटचं टिंब वाक्याचं की पत्त्याचं, हे नियम सांगत नाहीत. माणसं कशी लिहितात, त्यावरूनच ठरवावं लागतं. म्हणून उचललेल्या मजकुराच्या शेवटापासून मागे या. टिंब, स्वल्पविराम, कोलन, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह असेल तर काढून टाका. शेवटच्या तिरप्या रेघेला मात्र हात लावू नका, ती पत्त्याचीच असते.

कंसांसाठी मोजणी करा. समजा, कोणी असं लिहिलं (दाखवायला पत्ता देवनागरीत लिहिते आहे):

(पाहा: एचटीटीपीएस://उदाहरण.भारत/तारा_(खगोल)).

शेवटचं टिंब गेलं. आता टोकाला बंद कंस आहे. उचललेल्या भागात उघडा कंस एक, बंद कंस दोन, म्हणजे एक जास्तीचा आहे, तो काढा. पुन्हा मोजा: एकास एक. थांबा. 'खगोल'नंतरचा कंस पत्त्याचाच आहे. चिन्हं काढणं आणि कंस मोजणं एकाच फेऱ्यात, एकेक अक्षर मागे येत करा. मी आधी ही दोन कामं वेगवेगळी केली होती. कंसाच्या आत टिंब आलं की तेच टिंब लिंकला चिकटून राहायचं.

आता मराठीचा भाग, ज्यात माझे सर्वांत जास्त दिवस गेले. पत्त्यात देवनागरी असेल आणि तुम्ही युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक आणि वर्ग देणाऱ्या पद्धतीचा, फक्त 'लेटर' वर्ग चालू ठेवला, तर 'मराठी'तलं 'मर' एवढंच लिंकमध्ये येतं. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे 'मार्क' या वेगळ्या वर्गात आहेत. तोही घ्या. शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह, तेही घ्या, कारण 'दुसऱ्या'सारख्या शब्दातला अर्धा र काही ठिकाणी त्याच्या मदतीने टाइप झालेला असतो.

उलटी अडचण प्रत्ययांची. आपण लिंकलाही 'वर', 'वरून', 'ची' चिकटवतो. रोमन अक्षरांत संपणाऱ्या पत्त्याला 'वर' चिकटला, तर तो आत घ्यायचा नाही. मी ठेवलेला नियम असा: रोमन अक्षरानंतर किंवा अंकानंतर लगेच देवनागरी आलं तर लिंक तिथे तोडायची. मध्ये तिरपी रेघ, बरोबरचं चिन्ह, हॅश, हायफन किंवा अधोरेषा असेल तर पुढे जायचं. पत्ताच देवनागरीत संपत असेल तर मात्र हा नियम निरुपयोगी ठरतो. 'यादीवर' हे पानाचं नाव की 'यादी' अधिक 'वर', हे यंत्राला कळायला मार्ग नाही.

म्हणून लिहिणाऱ्याला सुटका द्या. कोनी कंसांत दिलेली लिंक जशीच्या तशी घ्या, आतलं एकही चिन्ह काढू नका. आरएफसी ३९८६च्या परिशिष्टातही पत्ता वेगळा दाखवायला कोनी कंसच सुचवले आहेत. आणि लिहिणाऱ्यांनो, प्रत्ययाआधी एक स्पेस सोडा. शुद्धलेखनाला ते खटकेल, पण लिंक उघडेल.

शेवटी, अधोरेखा नेमक्या शेवटच्या अक्षराखाली संपते का, ते डोळ्यांनी तपासा. पाठवण्याआधी वाचणाऱ्याला चूक दाखवणारी खूण तेवढी एकच असते.