लॉगमध्ये एरर नाही म्हणजे सर्व्हर ठीक? इव्हेंट लॉगवर नजर ठेवताना या चुका टाळा

विंडोज सर्व्हरवर सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर (लॉग बघायचा विंडोजचा प्रोग्रॅम) उघडायचा, लाल काही दिसलं नाही की निश्चिंत व्हायचं. अहो, सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) क्रॅश झाली तर निदान सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर (सर्व्हिस सांभाळणारा विंडोजचा भाग) सिस्टम लॉगमध्ये 7031 किंवा 7034 नंबरचा इव्हेंट, म्हणजे नोंद, टाकतो, पण ती हँग झाली तर बऱ्याचदा कोणीच काही लिहीत नाही, प्रोसेस चालू दिसते, युजर ताटकळतात आणि लॉग एकदम शांत. म्हणून सॉफ्टवेअरलाच दर 5 मिनिटांनी "चालू आहे" असा इव्हेंट लिहायला लावा आणि तो आला नाही की अलर्ट जाऊ दे. फक्त तो इव्हेंट खरं काम करणाऱ्या थ्रेडमधूनच (प्रोग्रॅमच्या त्याच धाग्यातून) लिहा, वेगळ्या टायमरवर ठेवलात तर काम अडकलं तरी तो आपला येतच राहतो, मग काय उपयोग?

दुसरं, नुसत्या आयडीवर, म्हणजे इव्हेंटच्या नंबरवर, फिल्टर लावू नका. 1000 हा नंबर कितीतरी सोर्स (इव्हेंट लिहिणारे प्रोग्रॅम) वापरतात, त्यामुळे लॉग, सोर्स आणि आयडी तिन्ही धरा.

लॉगची साइज तर कोणी बघतच नाही. ॲप्लिकेशन आणि सिस्टम लॉग डीफॉल्टला 20 एमबीचे असतात, भरले की जुनं पुसून नवीन लिहितात. एखादं बडबडं ॲप असेल तर रात्रीची एरर सकाळपर्यंत गायब! साइज वाढवा, आणि जमलं तर इव्हेंट दुसऱ्या मशीनवर फॉरवर्ड करा, कारण सर्व्हरच गेला तर लॉगही त्याच्यासोबत जातो.

"डिस्क्रिप्शन सापडत नाही" असं दिसलं की लोक तो इव्हेंट सोडून देतात. तसं करू नका, तिथे फक्त त्या सोर्सची मेसेज फाइल मिळालेली नसते, ॲप अनइन्स्टॉल झालं किंवा दुसऱ्या मशीनचा लॉग उघडला की हे होतंच, खरी माहिती खाली डेटामध्ये असते.

आणि प्रत्येक एररवर मेल नको. डिस्ट्रिब्युटेडकॉम या विंडोजच्याच सोर्सचा 10016 नंबरचा इव्हेंट सोडून द्या असं मायक्रोसॉफ्टच सांगतं, असले मेल रोज आले की खरा अलर्टही कोणी उघडत नाही.

सेटअप झाला की टेस्ट कराच, पण सर्व्हिस स्टॉप करून नाही, टास्क मॅनेजरमधून प्रोसेस मारून, कारण नीट बंद केलेल्या सर्व्हिसचा 7034 येतच नाही.