एंट्र्या कुठे किती टाकायच्या?

बक्षिसांची स्पर्धा किंवा लकी ड्रॉ दिसला की फॉर्म भरून टाकायचा, असं करू नका, आधी दोन आकडे बघा, बक्षिसं किती आणि एंट्र्या अंदाजे किती येतील. समजा एकीकडे 1 कार आणि 1 लाख एंट्र्या, दुसरीकडे 5 हेडफोन आणि 500 एंट्र्या. दुसरीकडे चान्स 100 ला 1, म्हणजे हजारपट जास्त! कार हेडफोनच्या हजारपट महाग असेल तरच हिशोब बरोबरीत येतो.

एंट्र्या कमी कुठे येतात? जिथे कष्ट आहेत तिथे. फोटो पाठवा, स्लोगन लिहा म्हटलं की निम्मं पब्लिक तिथेच गळतं, शिवाय डेडलाइन जवळची असेल किंवा ठराविक लोकांनाच भाग घेता येत असेल तर अजून बरं. नुसतं लाइक-शेअरवालं मी शेवटी ठेवते, वेळ उरला तर.

एकाहून जास्त एंट्र्या चालत असतील तर सगळ्या एकाच छोट्या ड्रॉमध्ये ओतायच्या का? बक्षीस एक आणि बाकीच्यांच्या 50 असतील तर तुमच्या 10 ने चान्स 60 ला 10, म्हणजे साधारण 17 टक्के, पण 20 केल्या तरी 29 च्या आसपास, दुप्पट नाही होत. म्हणून पुढच्या 10 तशाच दुसऱ्या छोट्या ड्रॉमध्ये टाका. भल्यामोठ्या ड्रॉमध्ये मात्र विभागून काही फरक पडत नाही.

नियम वाचाच, एका माणसाला एकच एंट्री असेल आणि तुम्ही चार ईमेलवरून भरलंत तर सगळंच बाद. आणि बक्षीस देण्याआधी कोणी पैसे मागितले तर सरळ ब्लॉक करा.